हवामानाच्या सभेला आपल्या गावाचा माणूस हवा

गिरीजच्या वाडीत पाणी किती उपसायचे, केळीला दांडे कधी लावायचे, पानवेल कुठल्या बाजूने झाकायची, हे शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. पण त्याच वाडीला लागणाऱ्या विजेचा दर, पंपाचे अनुदान, वादळानंतरची भरपाई आणि विम्याचा हप्ता या गोष्टी आता वाडीत ठरत नाहीत. चावडीवर ठरत नाहीत, आणि पुष्कळदा तालुक्यालाही ठरत नाहीत. त्यांची चर्चा सभांमध्ये होते, आणि त्यातल्या बऱ्याच सभा कोविडच्या काळापासून ऑनलाइन भरू लागल्या. सभा मोबाइलवर, आमंत्रण व्हॉट्सअॅपवर आणि विषयाची नावे अशी, की वाचूनच माणूस बाजूला सारील : हवामान धोरण, हवामान वित्त, स्वच्छ ऊर्जा.

शेतकरी बंधू-भगिनींनो, बाजूला सारू नका. या तिन्ही शब्दांचा साध्या मराठीत अर्थ असा : नियम कोण करणार, पैसा कुणाला मिळणार आणि वीज कुठून येणार. तिन्हींचा संबंध थेट तुमच्या सातबाऱ्याशी आहे. सभा फुकट असते, घरबसल्या ऐकता येते आणि बऱ्याच ठिकाणी प्रश्न विचारण्याची सोय असते. एवढे असून आपल्या भागातून या सभांना बसतो कोण? शहरातल्या संस्था बसतात, कंपन्यांची माणसे बसतात, अभ्यासक बसतात. ज्याची बाग आडवी होते तो मात्र बसत नाही. मग नियम झाले की आपण म्हणतो, आम्हाला कुणी विचारलेच नाही. हे वरातीमागून घोडे झाले.

वसईला हवामान बदलले म्हणजे काय?

उगाच लांबच्या हिमनगाच्या गोष्टी नकोत. आपल्या डोळ्यांसमोरचे पाहू. जुलै २०१८ च्या दुसऱ्या आठवड्यात वसई-विरार पाण्याखाली गेले. रेल्वे बंद पडली, मिठागरात माणसे अडकली. त्यानंतर महापालिकेने निरी आणि आयआयटी मुंबई यांच्या तज्ज्ञांची सत्यशोधन समिती नेमली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून वर गुजरातेत गेले आणि जाता जाता कोकणपट्टीतल्या बागायतीला फटका देऊन गेले. २०२५ साली तर पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. हवामान खात्याच्या १९५० पासूनच्या नोंदीत तो मुंबईला इतक्या लवकर कधी आला नव्हता. पेरणी, राब, गवत, मीठ, सुकी मासळी या सगळ्यांचे कॅलेंडर मेअखेरच्या कोरड्या दिवसांवर बसवलेले. ते दिवसच गेले तर पुढचे गणित चुकणारच.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे विहिरीचे पाणी. समुद्राकाठच्या जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. ढोबळ हिशेब असा की गोड्या पाण्याची पातळी एक फूट खाली गेली, तर कालांतराने खालचे खारे पाणी चाळीस फुटांच्या आसपास वर सरकते. म्हणून आपल्या पट्ट्यात उपसा वाढला की पाणी आटण्याच्या आधी मचूळ होते. १९९०च्या दशकात वाढत्या शहराला पाणी पुरवण्यासाठी हरित पट्ट्यातल्या विहिरींवर टँकर उभे राहू लागले, तेव्हा वसईकर रस्त्यावर आले ते याच भीतीने. हरित वसई संरक्षण समिती आणि तिचे नेतृत्व करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची नावे त्या लढ्याशी जोडलेली आहेत. फादर २५ जुलै २०२४ रोजी गेले. प्रश्न मात्र आहे तिथेच आहे, उलट त्यात अवेळी पावसाची आणि वादळाची भर पडली आहे.

तेव्हा हवामानाची सभा म्हणजे दुसऱ्या कुणाची सभा नव्हे. ती आपल्या विहिरीची सभा आहे.

पहिली सभा : नियम करणारी

काही सभांमध्ये कायदा, नियम किंवा दर यांवर लोकांचे म्हणणे मागवले जाते. उदाहरण घ्या महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे. वीज कायदा २००३ च्या कलम ६४ प्रमाणे दरवाढीचा अर्ज जाहीर करावा लागतो आणि लोकांच्या सूचना-हरकतींचा विचार करून आयोगाला १२० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. कोविडच्या काळापासून आयोगाच्या अनेक सुनावण्या दूरदृश्य प्रणालीने झाल्या. २०२५ मध्ये आयोगापुढे २०२५-२६ ते २०२९-३० अशा पाच वर्षांच्या दरांचा विषय होता. पाच वर्षांचे दर! उद्योजकांच्या संघटना अशा वेळी वकील घेऊन बसतात. पंपाच्या ग्राहकाला वकील लागत नाही, लेखी हरकत मराठीत दिली तरी चालते. पण ती मुदतीत गेली पाहिजे.

दुसरे उदाहरण भाषेचे आहे, ते प्रत्येक गावाने लक्षात ठेवावे. २०२० साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला आणि त्यावर ई-मेलने हरकती मागवल्या. मसुदा इंग्रजी आणि हिंदीत. टाळेबंदी चालू. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की मसुदा घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषांतून लोकांना द्या, आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्ट २०२० पर्यंत वाढवली. बंदर, महामार्ग, खाणी, कारखाने यांच्या जनसुनावणीचे नियम या मसुद्यात होते. आपल्या पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पर्यावरण जनसुनावणी १९ जानेवारी २०२४ रोजी झाली, ती याच विषयाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार. म्हणजे हा कागद दिल्लीचा असला तरी त्याचा परिणाम डहाणूच्या किनाऱ्यावर दिसतो.

यातून शिकायचे काय? “आम्हाला इंग्रजी येत नाही” हे गप्प बसण्याचे कारण होऊ शकत नाही. “आम्हाला मराठीत द्या” ही रास्त मागणी आहे, आणि न्यायालयाने तशा मागणीला मान दिलेला आहे. कुठल्याही ऑनलाइन सभेचे आमंत्रण आले की पहिला प्रश्न हाच पाठवा : टिपण मराठीत मिळेल काय?

दुसरी सभा : पैशाची

आता जरा दूरचा फेरफटका मारू, कारण पैसा दुरूनच निघतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अझरबैजानमधल्या बाकू शहरात जगातल्या देशांची २९वी हवामान परिषद झाली. श्रीमंत देशांनी पुढाकार घेऊन २०३५ पर्यंत विकसनशील देशांसाठी वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करावेत असे तिथे ठरले. ही रक्कम फार अपुरी आहे अशी नाराजी भारताच्या प्रतिनिधीने तिथेच नोंदवली. त्याआधी २००९ मध्ये कोपनहेगनला १०० अब्जांचे वचन दिले गेले होते, २०२० पर्यंत पाळायचे. ते वेळेवर पाळले गेले नाही. त्यातला बराच पैसा कर्जाच्या रूपानेच आला. मदत आणि कर्ज यातला फरक शेतकऱ्याला वेगळा समजावून सांगायला नको!

हा पैसा आपल्याकडे येतो का? थोडा येतो. भारतात नाबार्ड ही या कामासाठी मान्यता मिळालेली संस्था आहे. २०१८ साली हरित हवामान निधीने महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि ओडिशा या तीन राज्यांच्या किनारपट्टीसाठी ४ कोटी ३४ लाख डॉलरची मदत मंजूर केली. आपल्या राज्यात ते काम वन विभागाच्या कांदळवन यंत्रणेमार्फत चालते. कांदळवने राखणे, खेकडापालन, कालवांची शेती अशी कामे त्यात आहेत. मराठवाडा-विदर्भाकडे २०१८ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे पोकरा, राबवला गेला. पाच हजारांवर गावे त्यात होती. दुष्काळी भागाने दुष्काळाचा आवाज उठवला, त्यांना प्रकल्प मिळाला. खाऱ्या पाण्याचा आवाज तेवढा उठलेला नाही.

पण बाकूचा पैसा वाटेत असताना घरच्या पैशाचा हिशेब आधी मागावा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळात ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला ६० टक्के भाग बांधील होता : निम्मा स्वच्छतेसाठी, निम्मा पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. पावसाचे पाणी साठवणे म्हणजे आपल्याकडे काय? बावखल. आपल्या पूर्वजांनी खणलेली, पायऱ्या-भिंती न बांधलेली ही गोड्या पाण्याची तळी. पावसाळ्यात भरायची, जमिनीत मुरायची, आजूबाजूच्या विहिरींना गोडवा द्यायची. कित्येक बुजली, कित्येकांत कचरा पडला. गेल्या काही वर्षांत वसईतल्या तरुणांनी श्रमदानाने बावखले साफ करण्याची कामे हाती घेतली आहेत. श्रमदान चांगलेच, पण ज्या कामाला निधी आहे ते काम नुसत्या श्रमदानावर का सोडावे? १ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या वित्त आयोगाचा काळ सुरू होतो. ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींनी नव्या निकषांची माहिती देणाऱ्या सभांना अवश्य बसावे आणि बावखल कुठल्या शीर्षात बसते ते विचारून घ्यावे.

आता नुकसानभरपाई. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राचे निकष असे होते : पीक ३३ टक्के किंवा जास्त गेले तर जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५००, आणि तेही दोन हेक्टरच्या मर्यादेत. राज्य सरकारने मधल्या काळात वेळोवेळी जास्त दर दिले, पण पायाभूत निकष हे. आपल्या गिरीजकडे हेक्टराची भाषा कोण बोलतो? इथे सगळा हिशेब गुंठ्यात. बहुवार्षिक बागेचा दर गुंठ्यावर आणला तर साधारण २२७ रुपये पडतात. वीस गुंठ्यांच्या बागेला साडेचार हजारांच्या आसपास. वीस गुंठे बाग पुन्हा उभी करायला रोपे, दांडे, खत, मजुरी मिळून किती लागतात हे तुम्हीच मांडा. लहान जमिनीवर दाट बागायत करणाऱ्याला हेक्टरी दराचा निकष न्याय देत नाही, ही गोष्ट वसईच्या शेतकऱ्याने आकड्यासकट मांडली पाहिजे. दुसरा कुणी ती मांडणार नाही, कारण दुसऱ्याला ती माहीतच नाही.

विम्याचेही तसेच. राज्याची एक रुपयातली पीक विमा योजना २०२३ च्या खरिपात सुरू झाली आणि २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. आता खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्के असा हिस्सा शेतकऱ्याला भरावा लागतो. फळपिकांचा हवामानावर आधारलेला विमा वेगळा. तिथे नुकसान पाहायला कुणी बागेत येत नाही. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राने किती पाऊस, किती आर्द्रता, किती वारा नोंदवला त्यावर पैसे ठरतात. तेव्हा विम्याच्या सभेत हप्त्याआधी हे विचारा : आमच्या मंडळाचे केंद्र कुठे बसवले आहे, ते चालू आहे काय, आणि आमचे पीक या जिल्ह्यासाठी यादीत आहे काय? केंद्र एका टोकाला आणि बाग समुद्राकाठी, असे असेल तर वारा बागेत वाहील आणि नोंद मात्र कोरी राहील.

तिसरी सभा : विजेची

सगळ्यांत जास्त गर्दीच्या सभा या विषयाच्या. कारण इथे अनुदान आहे. योजना तीन-चार आहेत आणि त्यांची नावे सारखी वाटतात म्हणून घोळ होतो. एकेक पाहू.

सौर पंप : केंद्राची कुसुम योजना २०१९ ची. राज्याने २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ अशी योजना काढली, ती महावितरण राबवते. सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरायची, बाकी अनुदान. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप. पाच वर्षे दुरुस्तीची हमी आणि विमा. पण लक्षात घ्या, पाण्याचा शाश्वत स्रोत हवा आणि ज्याच्याकडे आधीपासून शेतीची वीजजोडणी आहे त्याच्यासाठी ही योजना नाही. जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडच्या ज्या पाड्यांवर तार पोचलेली नाही तिथे तिचा खरा उपयोग.

मोफत वीज : साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्याने एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ अशी पाच वर्षे मोफत वीज जाहीर केली आहे. वसईच्या बहुतेक वाड्या या गटात येणाऱ्या.

सौर कृषी वाहिनी : २०१७ ची योजना, २०२३ मध्ये ‘२.०’ म्हणून पुन्हा आली. यात पंप नाही, जमीन आहे. उपकेंद्राजवळची जमीन सौर प्रकल्पाला भाड्याने द्यायची, वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. प्रकल्प ज्या ग्रामपंचायतीत होतो तिला वर्षाला ५ लाखांप्रमाणे तीन वर्षे प्रोत्साहन. गायरान देण्याचा ठराव घेण्याआधी सरपंच मंडळींनी एवढे पाहावे की त्या गायरानावर गुरे कुणाची चरतात, सरपण कोण आणते, आणि जमीन किती वर्षे अडकणार.

घराचे छप्पर : पंतप्रधान सूर्यघर योजना १३ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली. एका किलोवॉटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा जास्तीला ७८,००० रुपये केंद्राचे अनुदान. एक किलोवॉट दिवसाला ढोबळ मानाने चार युनिट देतो, पावसाळ्यात कमी. ज्यांचे बिल महिन्याला शंभराच्या आत आहे त्यांनी घाई करू नये, ज्यांच्या घरी पिठाची चक्की, शिवणयंत्रे किंवा फुलांसाठी शीतपेटी आहे त्यांनी जरूर हिशेब मांडावा. वसईला आणखी एक खबरदारी : खारा वारा. पत्र्याच्या आणि सांगाड्याच्या गंजाची हमी लेखी घ्या, आणि वाऱ्याच्या किती वेगाला सांगाडा टिकेल तेही लिहून घ्या. तौक्ते विसरू नका.

देशपातळीवर हे काम वेगाने पुढे गेले आहे. देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-वायू-डिझेल सोडून इतर मार्गांचा करायचा, हे २०३० चे उद्दिष्ट २०२५ च्या मध्यालाच गाठले गेल्याचे सरकारने जाहीर केले. चांगलीच गोष्ट आहे. पण आपल्या पट्ट्यापुरता एक प्रश्न या सभांमध्ये कुणीच विचारत नाही, आणि तो गिरीजने विचारायला हवा. वीज फुकट झाली, दिवसा मिळाली, सौर झाली. मग पंप किती वेळ चालणार? रहाट होता तेव्हा बैल थकायचा आणि विहीर विसावायची. डिझेल इंजिन होते तेव्हा पैसा थकायचा. आता थकणारे कुणी उरले नाही, विहीर सोडून. घाटावर जास्त उपसा झाला तर पाणी खोल जाते, पाऊस पडला की वर येते. किनाऱ्यावर जास्त उपसा झाला तर पाणी खारे होते, आणि एकदा शिरलेला खार काढायला कित्येक पावसाळे लागतात. पानवेलीला, फुलझाडांना, भाजीला तो सोसत नाही.

म्हणून किनारी गावांसाठी ऊर्जेची योजना आणि पाण्याची योजना एकाच टेबलावर हवी. पंपाबरोबर ठिबक, ठिबकाबरोबर बावखलाचे पुनर्भरण आणि विहिरीच्या खारेपणाची वर्षातून दोनदा तपासणी, असे पॅकेज मागा. पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचे खार जमीन संशोधन केंद्र आहे, खारटाण सोसणाऱ्या भाताच्या जाती तिथे निघाल्या. डहाणूला कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र आहे. त्यांना ऑनलाइन बोलावून नेमका हा विषय ठेवायला सांगा. सभा नेहमी दुसऱ्यानेच बोलवावी असे कुठे लिहिले आहे?

गाव आहे, ग्रामसभा नाही

आता गिरीजसारख्या गावांची खास अडचण. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती मिळून वसई-विरार महापालिका झाली. गावे वगळण्यावरून आंदोलने झाली, २९ गावांचा वाद वर्षानुवर्षे न्यायालयात राहिला. त्या वादात इथे शिरायचे नाही. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने एक गोष्ट खरी आहे. महापालिकेच्या हद्दीत शेती उरते, ग्रामपंचायत उरत नाही. रोजगार हमीतून विहीर, ग्रामपंचायतीच्या निधीतून तळे, ग्रामसभेचा ठराव, हे सगळे मार्ग बंद होतात. योजनेच्या सभेत “ग्रामसेवकाकडे अर्ज द्या” असे सांगतात, आणि आपल्याकडे ग्रामसेवक नसतो.

मग करायचे काय? शहर म्हणून जो पैसा येतो त्यात गावाचा वाटा मागायचा. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांवरच्या शहरांना हवा, पाणी, सांडपाणी आणि घनकचरा यांसाठी वेगळा निधी ठेवला होता, त्यात वसई-विरार होते. बावखल हा शहराचा पूर अडवणारा आणि पाणी मुरवणारा खड्डा आहे, हे २०१८ च्या पुरानंतर कुणाला पटवून द्यावे लागू नये. तेव्हा “शेतकऱ्याचे तळे” म्हणून नव्हे, “शहराच्या पावसाची सोय” म्हणून ते यादीत घाला असा अर्ज महापालिकेकडे द्यावा. माझी वसुंधरा अभियान २०२० पासून ग्रामपंचायती आणि शहरे दोन्हींसाठी आहे. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशी त्याची पाच अंगे. जलस्रोतांच्या कामाला त्यात गुण आहेत. तोही एक दरवाजा.

सभेला बसायचे कसे?

एकट्याने मोबाइलवर बसलात तर दहा मिनिटांत फोन येईल नाहीतर डोळा लागेल. त्यापेक्षा पाच-दहा जण एकत्र बसा. वाचनालय, सोसायटीचे कार्यालय, शाळेचा वर्ग, चर्चचे किंवा मंदिराचे सभागृह, कुठेही. एक मोठा पडदा किंवा टीव्ही, एक चांगली जोडणी आणि गावातला एक कॉलेजचा मुलगा किंवा मुलगी एवढे पुरे. बायकांना आवर्जून बोलवा. फुले खुडणे, पाने लावणे, भाजी बाजारात नेणे या कामात त्या पुढे, मग सभेतच मागे का? बसण्याआधी प्रश्न कागदावर लिहून घ्या. प्रश्न थोडे आणि नेमके असावेत. हे काही नमुने :

१. ही योजना महापालिका हद्दीतल्या शेतकऱ्याला लागू आहे काय? नसेल तर कुठल्या आदेशाने नाही?

२. किमान जमीन किती लागते? गुंठ्यातल्या जमिनीला चालते काय? सातबाऱ्यावर चार भावांची नावे असतील तर अर्ज कुणी करायचा?

३. हे अनुदान आहे की कर्ज? पैसे आधी भरायचे की नंतर मिळणार?

४. माझे पीक यादीत आहे काय? नसेल तर ते यादीत घालण्यासाठी प्रस्ताव कुणी पाठवायचा?

५. हे सगळे मराठीत लेखी कधी मिळेल? तुमचे नाव, हुद्दा आणि कार्यालय सांगाल काय?

उत्तर तोंडी मिळाले तर त्याला किंमत नाही. सभा संपली की त्याच दिवशी चार ओळींचा अर्ज करा : अमुक तारखेच्या सभेत असे सांगितले, त्याप्रमाणे लेखी कळवावे. पोच घ्या. तलाठी आणि कृषी सहायक मंडळींनीही असे अर्ज आले तर त्रासून जाऊ नये. वर काय विचारायचे याचा तो आयता कागद आहे.

कागदपत्रांचे तेवढे तयार ठेवा. ई-पीक पाहणी २०२१ पासून राज्यभर आहे. पिकाची नोंद नसेल तर भरपाईच्या वेळी बाग कागदावर पडीक दिसते. योजनांसाठी आता शेतकरी ओळख क्रमांकही मागितला जातो. हे काम वादळानंतर करायचे नसते. तहान लागल्यावर विहीर खणून कधी पाणी मिळाले आहे काय?

सावध राहा

सभेच्या नावाखाली बाजारही भरतो. सौर पंपाच्या नावाने खोट्या वेबसाइट काढून नोंदणीचे पैसे उकळण्याचे प्रकार झाले आहेत, केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने त्याबद्दल वेळोवेळी इशारे दिले आहेत. सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असते, महावितरणचा पत्ता विजेच्या बिलावर असतो. सभेत बसायला पैसे मागितले, ओटीपी मागितला किंवा “आजच भरा, उद्या बंद” असे म्हटले, की फोन ठेवून द्या. शंका आली तर किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१ वर मराठीत विचारता येते.

दुसरे नवे प्रकरण ‘कार्बन क्रेडिट’चे. झाडे लावा, शेण-पाचट जमिनीत घाला, त्याचे पैसे परदेशातून मिळतील असे सांगतात. यात सगळे खोटे आहे असे नाही. केंद्राने जून २०२३ मध्ये कार्बन बाजाराची योजना अधिसूचितही केली. पण सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा : जमीन किती वर्षे बांधली जाणार, झाड वादळात पडले तर जबाबदारी कुणाची, आणि मोजणीचा खर्च कुणाच्या वाट्यातून जाणार? वीस गुंठ्यांच्या वाडीला या धंद्यातून फार काही सुटण्यासारखे नसते, मोठा गट केला तरच काही हाती लागेल.

वर्षाची पाने

कॅलेंडरवर एवढ्या खुणा करून ठेवा. १ फेब्रुवारीला केंद्राचा अर्थसंकल्प, मार्चमध्ये राज्याचा. त्यानंतरच्या पंधरवड्यात “शेतीला काय मिळाले” अशा सभा भरतात. वीजदराचा अर्ज जाहीर झाला की सूचनांची मुदत थोडी असते, म्हणून वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचनांकडे लक्ष ठेवा. ५ जून पर्यावरण दिन, त्या आठवड्यात सभांचा सुकाळ. जूनमध्ये जर्मनीतल्या बॉनला जागतिक बोलणी होतात, नोव्हेंबरात मोठी परिषद. २०२५ ची परिषद ब्राझीलमधल्या बेलेमला झाली, आणि ३१वी नोव्हेंबर २०२६ मध्ये तुर्कस्तानात अंताल्याला घ्यायचे तिथे ठरले. तिच्या खुल्या बैठका घरबसल्या पाहता येतात. ग्रामपंचायतींसाठी सगळ्यांत महत्त्वाचा काळ २ ऑक्टोबरपासूनचा, कारण पुढच्या वर्षाचा विकास आराखडा तेव्हा घडतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभा आहेतच. आणि दर मंगळवारी व शुक्रवारी हवामान खात्याचा कृषी सल्ला निघतो, तो तर रोजच्या कामाचा.

यातल्या प्रत्येक सभेला बसा असे नाही म्हणत. शेतकऱ्याला तेवढा वेळ कुठला! पण गावागावाने दोन माणसे नेमावीत, एक जाणते आणि एक तरुण. त्यांनी वर्षातून चार सभांना बसावे, ऐकलेले मराठीत लिहावे आणि गावाला वाचून दाखवावे. येत्या पावसाळ्याआधी एवढा निर्णय घेता आला तरी पुष्कळ झाले. बावखलांची यादी, विहिरींच्या पाण्याची चव आणि गेल्या वादळातल्या नुकसानीचा आकडा, हे तीन कागद आपल्या वहीत तयार असले तर सभा कुणीही बोलवो, बोलायला आपल्याकडे काहीतरी असेल.